पर्स दे इकडे

मार्थाबाई पाटोळे यांच्या खांद्यावर त्यांची स्वतःची पर्स मी फारशी पाहिली नाही. पट्टा झिजलेली एक काळी पर्स त्यांच्याकडे होती, पण ती दिवसभर खोलीतल्या खुर्चीच्या पाठीला लटकलेली असायची. बाहेर दिसत तेव्हा खांद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी पर्स असे. कधी सोनेरी साखळीची, कधी कॉलेजातल्या मुलीची सॅक, एकदा तर मांजराचं तोंड छापलेली गुलाबी पिशवी. साठीला टेकलेली, उंच, सावळी, पांढरे कॅनव्हासचे बूट घालणारी स्त्रीरोगतज्ज्ञ ती पिशवी लावून लिफ्टपाशी गंभीर चेहऱ्याने उभी असायची आणि शेजारी एखादी मुलगी मोकळ्या हातांनी, मान खाली घालून.

सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या त्या इमारतीत मी सोनोग्राफीचं काम करत होते. मार्थाबाईंची खोली आमच्या वरच्या मजल्यावर. त्या नगरकडच्या ख्रिस्ती, आणि गर्भपात करत नसत. सिंगापुरात गर्भपात कायद्याने होतो, आणि ज्या डॉक्टरच्या मनाला ते पटत नाही त्याला नकार देण्याची मुभाही कायद्यानेच दिलेली आहे. बाईच्या जिवावर बेतलं असेल तर मात्र ती मुभा चालत नाही. नकार देणारे बाकीचे डॉक्टर "मी करत नाही" एवढं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलवत. मार्थाबाई खुर्चीतून उठत. "मी हे करत नाही. जे करतात त्यांच्याकडे तुला नेते. पर्स दे इकडे," असं म्हणून पर्स घेत, तळमजल्यावरून कॉफीच्या दुकानासमोरून चालत शेजारच्या इमारतीतल्या त्या डॉक्टरांच्या दारापर्यंत जात, आणि मुलगी एकटी आली असेल तर तिचं सगळं आटपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहत. त्यांचे स्वतःचे पेशंट वर ताटकळत. त्यावरून रिसेप्शनवरच्या बाईची रोज धुसफूस चाले.

दुसऱ्याची पर्स खांद्यावर असली की मार्थाबाई कुणालाही ओळख देत नसत. सुरुवातीला मी एकदा लिफ्टपाशी "काय मॅडम, जेवण झालं का?" म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भिंत आहे. मला राग आला. संध्याकाळी त्यांनीच येऊन सांगितलं, "अगं, तू मला हाक मारलीस की लोक माझ्याकडे बघतात, आणि मग माझ्या शेजारच्या मुलीकडे बघतात. पर्स असली की मला ओळखायचं नाही." मी हो म्हटलं, पण ही बाई जरा अतीच करते असं मला वाटलं होतं.

खरं तर आधी मला त्या आवडतच नव्हत्या. माझं देवाधर्माशी फारसं जमत नाही, आणि जमत असतं तरी मी म्हटलंच असतं की ज्याला हे काम करायचं नाही त्याने या शाखेत यायचं कशाला? मासा न खाणाऱ्याने कोळणीच्या टोपलीशी बसू नये. आम्ही दोघी क्वीन्सटाउनला राहत असू. माझी भाड्याची खोली आणि त्यांचा जुना फ्लॅट एकाच ब्लॉकमध्ये होते. डॉक्टर असून त्या कुठल्या महागड्या खासगी कोंडोत गेल्या नाहीत. यजमान त्याच घरात गेले, मुलगा ऑस्ट्रेलियात, आणि दाराशी कढीपत्ता आणि ओव्याच्या कुंड्या. शनिवारी सकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या मंडईत, आमची गाठ पडायची. त्या बिनसाखरेची काळी कॉफी आणि टोस्ट घेत आणि आजूबाजूला कितीही गलका असला तरी डोळे मिटून मराठीत प्रार्थना केल्याशिवाय घास घेत नसत. मी तोवर माझा चमचा हवेत धरून बसायची. अशाच एका शनिवारी मी त्यांना तो प्रश्न तोंडावर विचारला.

त्या चिडल्या नाहीत. तोंडावर बोललेलं त्यांना आवडे. त्यांची स्वतःचीही तीच रीत होती. लाडू आवडला नाही तर "आवडला नाही" म्हणत आणि अर्धा परत देत. म्हणाल्या, "माझ्या हाताला ते जमत नाही गं. देवाला पुष्कळ विचारलं. तो काही स्पष्ट बोलला नाही. मग मी हाताचं ऐकते." मग टोस्टचे तुकडे करत नगरकडची गोष्ट सांगितली. नुकत्या डॉक्टर होऊन त्या एका मिशनच्या दवाखान्यात लागल्या होत्या. लांबून चालत एक बाई आली, पदरात मुलं होती, तिला हे मूल नको होतं. तिथे ते केलं जात नसे आणि मार्थाबाईंनाही ते करायचं नव्हतं. त्यांनी तिला नाही म्हटलं आणि गेटकडे बोट दाखवलं. बाई कुठल्याशा सुईणीकडे गेली. परत आणली तेव्हा उपयोग नव्हता.

"नाही म्हटलं त्याचा मला पस्तावा नाही," त्या म्हणाल्या. "गेटकडे बोट दाखवलं त्याचा आहे. तिच्या हातात एक गाठोडं होतं. तेसुद्धा मी धरलं नाही."

त्यांचं मत मला त्यानंतरही पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्यांच्यावरचा माझा राग त्या शनिवारी गेला.

दोन हजार अकरा साली निवडणूक आली आणि मार्थाबाई उमेदवार झाल्या. त्यांनी फार वर्षांपूर्वीच इथलं नागरिकत्व घेतलं होतं. म्हाताऱ्या पेशंटना हॉस्पिटलात खाट मिळत नाही, घरी बघायला कुणी नाही, यावर त्या जिथे तिथे बोलत. ते ऐकून एका लहानशा पक्षाने त्यांना विचारलं, आणि त्या हो म्हणून बसल्या. त्यांना वाटलं खाटांबद्दल बोलायचं आहे. लोकांना मात्र ख्रिस्ती स्त्रीरोगतज्ज्ञ म्हटल्यावर एकच गोष्ट विचारायची होती.

चर्चमधली मंडळी आधी आली. ही त्यांची रोजची माणसं. त्यांच्याबरोबर त्या वर्षानुवर्षं गात होत्या, यजमान गेले तेव्हा याच लोकांनी महिनाभर डबे पाठवले होते. त्यांचं म्हणणं असं, की नकाराची मुभा नुसती डॉक्टरला पुरत नाही. औषधं देणाऱ्याला, रिसेप्शनवरच्यालासुद्धा ती हवी, आणि नकार देणाऱ्याला "मग कुठे जाऊ?" या प्रश्नाचं उत्तर देण्याची सक्ती नको, ते सांगणं म्हणजे त्यात हातभार लावणंच झालं. तसं वचन दिलं तर ते सगळे पाठीशी उभे राहणार होते. मग काही बायका आल्या, शिकलेल्या, शांत बोलणाऱ्या. त्यांना ती मुभाच काढून टाकायला हवी होती. माझं मत त्यांच्या बाजूचं, हे मी लपवत नाही. आणि पक्षाचं म्हणणं, बाई, या विषयावर तोंडच उघडू नका. इथे धर्म आणि राजकारण एका भांड्यात पडलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

मार्थाबाईंनी तिघांनाही नाही म्हटलं, तोंडावर. त्यांची भूमिका दोन वाक्यांत मावणारी होती. जो स्वतःच्या हाताने ते करणार त्याला नकार द्यायचा हक्क असू दे. पण नकार देणाऱ्याने त्या बाईला त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरच्या दारापर्यंत पोचवलं पाहिजे, आणि हे कायद्यात लिहिलं पाहिजे. सगळे नाराज झाले. त्यांच्या जागी मी असते तर चार दिवस गप्प बसून निवडून आले असते, असं मी त्यांना म्हटलंसुद्धा. त्यांनी मला टोस्ट दिला.

आमच्या मराठी मंडळींचा उत्साह तर विचारू नका. "आपली बाई उभी आहे!" शुभांगी म्हणून आमच्यातली एक भारी हौशी बाई, नवरा आयटीत मोठ्या हुद्द्यावर. तिने ईस्ट कोस्टच्या आपल्या कोंडोच्या हॉलमध्ये चैत्राचं हळदीकुंकू ठरवलं आणि तिथे मार्थाबाईंचं भाषण ठेवलं. आंब्याची डाळ, पन्हं, गजरे, सगळा थाट. हॉल भरून बायका आल्या. मार्थाबाई आल्या, सगळीकडे नजर फिरवली आणि पहिलंच विचारलं, "यात मत कुणाकुणाला आहे?" कुणालाच नव्हतं. आम्ही सगळ्या पासवर राहणाऱ्या. नवऱ्याच्या नाहीतर स्वतःच्या नोकरीच्या पासवर. इतकंच नव्हे, परदेशी माणसाला इथल्या प्रचारात भाग घ्यायला कायद्याची बंदी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. शुभांगीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मार्थाबाई म्हणाल्या, "भाषण राहू दे. डाळ मस्त झालेली दिसते."

मग कुंकवाची वेळ आली आणि पुन्हा सगळ्या अवघडल्या. एक तर त्या ख्रिस्ती, त्यात यजमान गेलेले. करंडा घेतलेली मुलगी त्यांच्यासमोर येऊन थबकली. तिची ती अडचण मार्थाबाईंनी एका वाक्यात सोडवली. "मी कुंकू लावत नाही, आमच्यात नाही. फूल दे मला. आणि ते ताट इकडे दे, मी धरते, तुझे दोन्ही हात मोकळे राहतील." आणि खरोखर, त्या ताट धरून हॉलभर तिच्याबरोबर फिरल्या. स्वतःच्या कपाळाला बोट लागू दिलं नाही आणि दुसरीच्या कपाळाला उशीर होऊ दिला नाही. मी तेव्हा पन्हं पीत होते, आणि ही बाई निवडणुकीत काय म्हणते आहे ते मला त्या क्षणी नीट कळलं.

त्या हळदीकुंकवाला मेधा होती. नाव बदललं आहे. बाकीचं तिच्या परवानगीने लिहिते आहे. पाचवा महिना चालू होता, म्हणून बायकांनी तिची ओटी भरली. तिच्याकडे तिच्या आईने पुण्याहून शिवून पाठवलेली मोरपंखी खणाची पर्स होती. इतकी सुरेख, की ती हॉलभर हातोहात फिरली आणि प्रत्येकीने "मलाही अशीच मागव" म्हणून सांगितलं.

मेधा मार्थाबाईंचीच पेशंट होती; पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडे स्कॅनला आली. बाळाला दोन्ही मूत्रपिंडं नव्हती. गर्भजल जवळजवळ नव्हतंच. आमच्या कामात बोलायचं नसतं, डॉक्टरांनी बोलायचं असतं. मी पडद्याकडे बघत राहिले आणि ती माझ्याकडे. मार्थाबाईंनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, निखिलला, सगळं मराठीतून समजावलं: हे बाळ जन्मलं तरी श्वास घेऊ शकणार नाही. दोन दिवसांनी मेधाने गर्भपाताचं ठरवलं. सासरी मात्र बाळ आपोआप गेलं असंच सांगायचं, हेही तिने ठरवलं. सासूबाईंना हे कधीच पटलं नसतं, आणि तिला जन्मभर ते ऐकायचं नव्हतं. निखिल खाली कागदपत्रांच्या मागे धावत होता. मार्थाबाई उठल्या, खणाची पर्स खांद्याला लावली आणि तिला घेऊन निघाल्या.

तेव्हा त्या उमेदवार होत्या, त्यांचा चेहरा लोकांना माहीत झाला होता. कॉफीच्या दुकानासमोर कुणीतरी फोनवर फोटो काढला. प्रचार सुरू झाल्यावर तो फोटो ईमेलवरून फिरायला लागला: देवाचं नाव घेणारी उमेदवार मुलींना कुठे पोचवते ते पाहा. मेधा पाठमोरी होती, चेहरा दिसत नव्हता. पण मार्थाबाईंच्या खांद्यावर खणाची पर्स स्वच्छ दिसत होती.

शुभांगीचा मला फोन आला. तिच्या मनात पाप नव्हतं, उलट ती भारावली होती. ही तर मेधाची पर्स, म्हणजे डॉक्टर आपल्याच मुलीला सांभाळत होत्या, हे आपण सगळ्यांना कळवायला हवं, असं तिचं म्हणणं; मेल लिहून तयार होती. त्या मेलच्या यादीत निखिलची चुलत बहीण होती. मी शुभांगीला म्हटलं, खणाच्या पर्सा सगळ्या सारख्याच दिसतात, तुझी मेल पुसून टाक. तिने मेल पुसली. हुशार बाई होती. पुन्हा त्याबद्दल बोलली नाही.

मेधानेही तो फोटो पाहिला. ती शनिवारी सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहिली, चेहरा उतरलेला. तिने सगळं जाहीर सांगायचं ठरवलं होतं. माझ्यामुळे त्यांच्यावर चिखल उडतो आहे, म्हणाली. सासरचं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, व्हायचं ते होऊ दे. मार्थाबाई त्या सकाळी आमच्याच शेजारच्या मतदारसंघातल्या हॉकर सेंटरमध्ये टेबलाटेबलाशी जाऊन लोकांना भेटणार होत्या. आम्ही दोघी तिथे जाऊन नूडल्स घेऊन बसलो. नूडल्स खायला परदेशी माणसाला बंदी नव्हती.

मार्थाबाई आल्या, मागे पक्षाची चार माणसं. दोन टेबलांपलीकडे होत्या तेव्हा एक मध्यम वयाचा, नीटनेटक्या कपड्यांतला गृहस्थ उठला. त्याच्या हातात तो फोटो छापलेला कागद होता. पुढे कळलं, तो त्यांच्याच चर्चमधला, त्यांच्याबरोबर गाणारा. त्याचा आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. त्याने इंग्रजीत विचारलं, मार्था, ही मुलगी कोण? तू तिला कुठे घेऊन चालली आहेस? पक्षाचा माणूस मध्ये पडून काहीतरी बोलायला लागला. कॉफीच्या गाड्यावरचा म्हातारा तिथूनच म्हणाला, "लेट हर टॉक लाह." आजूबाजूचे चमचे थांबले.

मेधा उठायला लागली. तिची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मार्थाबाईंनी आमच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोललं की काम झालं असतं: या मुलीचं बाळ जगणारच नव्हतं. मेधाच्या तोंडून ते आलं असतं तर त्या गृहस्थाचीही मान खाली गेली असती. मार्थाबाईंनी आमच्यावरून नजर काढून घेतली, हातातल्या कॉफीकडे पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखं मराठीत म्हणाल्या, "बस खाली. हे माझं आहे."

तिथे मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच होतो. मेधा बसली. मी तिचा हात धरून ठेवला.

मग त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं. ती माझी पेशंट आहे, तिच्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. माझ्याबद्दल विचारशील ते सांगते. हो, मी तिला गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी स्वतः ते करत नाही, आणि करायला कुणी मला भाग पाडू नये असं मला वाटतं. पण मी नाही म्हटल्यावर ती जिन्यात एकटी उभी राहावी, असा हक्क मला नको आहे. तो कुणालाच असू नये. तो गृहस्थ म्हणाला, तिला तू थांबवायला हवं होतंस. मार्थाबाई म्हणाल्या, "तिची पर्स जड होती." एवढंच. त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि निघून गेला. त्याच्यामागून आणखी काही जण उठले. पक्षाचा माणूस कपाळ धरून उभा राहिला.

त्या पडल्या, सडकून. चर्चवाल्यांनी मत दिलं नाही आणि मुभा काढायला निघालेल्या त्या बायकांनीही नाही. त्याचं त्यांना विशेष वाटलं नाही. खाटांबद्दल पत्रं लिहिणं त्यांनी चालू ठेवलं. दुःख दुसऱ्याच गोष्टीचं झालं. चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या रांगेतली त्यांची जागा गेली. कुणी काढून टाकलं नाही, पण शेजारची माणसं सरकून बसायला लागली, आणि एका रविवारी त्या आपणहून शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. "मागून जास्त चांगलं ऐकू येतं," मला म्हणाल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. मी चमचा खाली ठेवून वाट पाहिली. मला रडू येत होतं आणि फोटोचा कागद घेऊन उठलेल्या त्या गृहस्थाचा, सगळ्या चर्चचा, त्यांच्या त्या हट्टाचासुद्धा राग येत होता.

मेधाला पुढे मुलगी झाली. मार्थाबाईंच्याच हातून. सासूबाई बाळंतपणाला आल्या होत्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंना हातमागाची साडी दिली आणि तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत असं म्हणाल्या. मार्थाबाईंनी साडी घेतली आणि रंग फार भडक आहे असं तोंडावर सांगितलं.

दोन हजार चौदात मी सिंगापूर सोडलं. आईचं दुखणं वाढलं, ठाण्याला परतायचं ठरलं. शेवटच्या दिवशी नोव्हेनाला सामान आवरून खाली आणून ठेवलं आणि मार्थाबाईंना भेटायला पुन्हा वर निघाले. त्यांना आवडतात म्हणून खारे शंकरपाळे केले होते, डबा हातात होता. तळमजल्यावर लिफ्ट उघडली आणि त्याच समोर आल्या. पांढरे बूट, केस आता पुरते पिकलेले. शेजारी एक चिनी मुलगी, विशीतली, रिकामे हात एकमेकांत घट्ट धरलेली. मार्थाबाईंच्या खांद्यावर करड्या रंगाची एक मोठी साधी कापडी पिशवी होती, तोंड दोरीने आवळलेलं. निवडणुकीनंतर त्यांनी ती शिवून घेतली होती. मुलीची पर्स त्या पिशवीच्या आत असायची. कसली, कुठली, कुणाला दिसत नसे.

कितीतरी बोलायचं ठरवून आले होते. विमान रात्रीचं होतं, पुन्हा भेट होणार नव्हती, आणि त्या माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. मी डबा पोटाशी धरला आणि लिफ्टच्या बटणांकडे पाहायला लागले. त्या बुटांचा आवाज माझ्या मागून गेला, कॉफीच्या दुकानासमोरून गेला, आणि काचेचं दार उघडून बंद झाल्याचं ऐकू आलं तरी मी मान वळवली नाही.